तसबिरीतली लक्ष्मी

माझ्या आजीच्या देवघरात कमळावर उभ्या लक्ष्मीची तसबीर होती. मागे हत्ती, अंगावर साडी, चेहरा आपल्या गल्लीतल्या एखाद्या सुवासिनीचा. बी. ए. होईपर्यंत मला वाटायचं, देवी अश्शीच दिसते! तिला हे रूप देणारे राजा रविवर्मा, हे फार उशिरा कळलं.

जन्म २९ एप्रिल १८४८चा, केरळातल्या किळिमानूरचा. तैलरंग आपल्याकडे तेव्हा नवेच. रविवर्मांनी ते तंत्र बरंचसं बघून बघून उचललं. केसांत गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला १८७३ साली व्हिएन्नाला बक्षीस मिळालं नि नाव झालं. रेशमाची चमक, दागिना, अंगाची गोलाई, सगळं इतकं हुबेहूब की हात लावून बघावं.

बडोद्याच्या सयाजीरावांनी पुराणातल्या चौदा चित्रांचं काम दिलं. आता सीता-दमयंतीला नेसवायचं काय? प्रांतोप्रांतीचा पेहराव बघत ते धाकट्या भावाबरोबर देशभर हिंडले आणि साडी ठरली. आपलं नऊवारीही त्यांच्या चित्रांत आहे बरं का!

घराकडे मात्र बायकोच बघत असणार. भागीरथीबाई १८९१ मध्ये गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी शिकागोला पाठवलेल्या दहा चित्रांत एक त्यांच्या मुलीचं, महाप्रभेचं. कडेवर मूल, ती बोट दाखवतेय, बाबा आले बघ म्हणून. बाबा चित्रात नाहीत. मला ते चित्र बघून उगाच गलबलतं.

१८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. धंदा काही जमला नाही, शेवटी जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. २ ऑक्टोबर १९०६ला ते गेले. पण ज्यांना देवळाच्या पायरीवर उभं करत नव्हते, त्यांच्याही घरात या छापील तसबिरींनी देव आणला. हे मला फार मोठं वाटतं.

हेच मी परवा वस्तीतल्या बचत गटात सांगत होते, तर नववीतली एक पोर म्हणाली, काकू, लक्ष्मी गोरीच का? मी गडबडले. रविवर्मांनी रस्त्यावरचं भटकं कुटुंबही रंगवलंय, हे सांगितलं तिला. पण ते देवघरात कुठे लागलं हो? पोरीला रंगपेटी नेऊन दिलीय. तिची लक्ष्मी अजून पुरी व्हायचीय.