नगरचा मिलिगन आणि रेडिओची ठेव

नगरचा माणूस पाहुण्याला गाव दाखवायला निघाला की त्याचा रस्ता ठरलेला असतो. आधी भुईकोट किल्ला आणि १९४२ ते १९४५ या काळात नेहरूंना जिथे स्थानबद्ध ठेवले होते ती खोली. मग चांदबिबीचा महाल. वेळ उरलाच तर रणगाड्यांचे संग्रहालय. गावाचे नाव आता अहिल्यानगर झाले, तरी हा क्रम काही बदललेला नाही. या फेरीत एक नाव मात्र सहसा निघत नाही. इंग्लंडच्या रेडिओवर ज्याने हसण्याची रीतच बदलून टाकली, तो स्पाइक मिलिगन १६ एप्रिल १९१८ रोजी याच नगरला जन्मला. कुठे लंडनचे बीबीसी आणि कुठे आपले नगर! पण गोष्ट खरी आहे.

त्याची आठवण आज काढायला कारण आहे. रेडिओचे दिवस संपले का, हा प्रश्न हल्ली घरोघरी निघतो. आमच्याच घरात दोन पक्ष आहेत. सौ. सकाळी ओट्यापाशी आकाशवाणी लावून कामाला लागते, तर नात कानात बोंडे घालून मोबाइलवर हव्या त्या गोष्टी, हव्या त्या वेळी ऐकते. चालू गाणे थांबवून आजीला ते मागे का नेता येत नाही, हे त्या पोरीला खरोखरच समजत नाही. मी नोकरीची सगळी वर्षे बँकेत काढली आणि कादंबऱ्या लिहिल्या त्या उरलेल्या वेळात. त्यामुळे कुठलाही वाद कानावर आला की जमा काय आणि खर्च काय, हे आधी पाहायची खोड लागली आहे. या प्रश्नाचा हिशेब मांडायला मिलिगनच्या आयुष्यासारखे दुसरे खातेपुस्तक मला तरी ठाऊक नाही.

वडील लिओ मिलिगन आयरिश, ब्रिटिश फौजेच्या तोफखान्यात. आई फ्लॉरेन्स इंग्रज. मुलाचे पाळण्यातले नाव टेरेन्स. बापाची पलटण जाईल तिकडे बिऱ्हाड, म्हणून नगरनंतर पुणे आणि पुढे रंगून. पुण्यात तो कॉन्व्हेंटच्या शाळेत गेला. छावणी म्हटली की बिगूल आणि बँड आलाच. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला फौजेत कपात झाली आणि हे कुटुंब लंडनला परतले. परतले म्हणायचे एवढेच, कारण मुलाने ते गाव पाहिलेलेच नव्हते. ऊन, मोकळी मैदाने आणि नोकरचाकर गेले, आणि दक्षिण लंडनमधले ओढगस्तीचे घर वाट्याला आले. तिथे तो मिळेल ते काम करू लागला आणि संध्याकाळी नाचगाण्याच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट आणि गिटार वाजवू लागला. टेरेन्स हे नाव त्याला आवडत नसे. रेडिओ लक्झेंबर्गवर स्पाइक जोन्स नावाच्या अमेरिकन वादकाचा धमाल वाद्यवृंद त्याने ऐकला आणि त्याचेच नाव घेतले. म्हणजे या माणसाचे बारसेसुद्धा रेडिओने केले!

१९४० साली तो लढाईवर गेला, तोही बापाच्याच तोफखान्यात. उत्तर आफ्रिकेत एकदा त्यांची अवजड तोफ उडाल्याच्या धक्क्याने मागे सरकत कड्यावरून खाली गेली आणि खालच्या तुकडीतल्या एका जाड्या शिपायाच्या अगदी जवळ येऊन पडली. थोड्या वेळाने मिलिगन आपली हरवलेली तोफ शोधत तिथे हजर. तो जाडा शिपाई म्हणजे हॅरी सेकुंब. पुढे दोघेही हा किस्सा रंगवून सांगत. पण लढाई काही किश्शांवर थांबत नाही. जानेवारी १९४४ मध्ये इटलीत मोंटे कॅसिनोच्या लढाईत उखळी तोफेचा गोळा त्याच्याजवळ फुटला. पायाची जखम भरली, मनाची भरली नाही. तोफेचा आवाज त्याला सोसेना. त्याला आघाडीवरून मागे पाठवले आणि उरलेला काळ त्याने सैनिकांच्या करमणुकीसाठी वाजवण्यात काढला.

युद्ध संपल्यावर लंडनमध्ये जिमी ग्राफ्टन नावाच्या लेखकाच्या मद्यालयात चौघांचा अड्डा जमला: मिलिगन, सेकुंब, पीटर सेलर्स आणि मायकेल बेंटाइन. चौघेही फौजेतून आलेले, साहेबी शिस्तीला कंटाळलेले, आवाजांच्या नकला करण्यात तरबेज. २८ मे १९५१ रोजी बीबीसीच्या होम सर्व्हिसवर त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. पुढच्या वर्षी त्याला ‘द गून शो’ हे नाव मिळाले. लवकरच बेंटाइन बाहेर पडला, बाकी तिघांनी २८ जानेवारी १९६० पर्यंत दोनशेहून अधिक भाग केले. लेखनाचा मुख्य भार मिलिगनचा. एरिक साइक्स, लॅरी स्टीफन्स अशांचे हात मधूनमधून लागले, पण कल्पनेची भट्टी त्याचीच.

हे होते तरी काय? १९५५ सालच्या एका भागात नेपोलियनचा पियानो पॅरिसहून पळवून आणायचे काम एका भोळसटावर येते आणि तो चक्क पियानोवर बसून समुद्र ओलांडायला निघतो. हे रंगमंचावर दाखवायचे म्हटले तर निर्मात्याने हात जोडले असते. रेडिओला काय लागले? थोडा पाण्याचा आवाज आणि पियानोच्या दोन पट्ट्या. बाकीचा समुद्र ऐकणाऱ्याने आपल्या डोक्यात भरून घेतला. आपल्याकडे मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी प्रत्येक घराने असेच आपापल्या डोळ्यांनी पाहिले. दोन घरांतले भावजी एकसारखे दिसत नसतील, पण दोन्ही घरांना ते दारात उभे असल्याची खात्री असे.

मिलिगन आवाजासाठी भांडत असे. दार वाजले, पावले आली, एवढ्यावर भागवणारे नाट्यविभागाचे जुने आवाज त्याला पुरेनात. १९५८ साली बीबीसीने विद्युत-ध्वनींसाठी स्वतंत्र कार्यशाळा काढली, तेव्हा तिच्या सुरुवातीच्या कामांत गून शोमधल्या मेजर ब्लडनॉकच्या पोटातल्या गडगडाटाचा आवाज होता. हा मेजर हिंदुस्थानच्या फौजेतला, बढाईखोर आणि भित्रा. छावणीत वाढलेल्या पोराने साहेबाला किती जवळून पाहिले होते, ते त्यात कळते. लालकाका आणि बॅनर्जी या दोन हिंदी गृहस्थांच्या नकला मात्र आज ऐकताना आपल्या कानाला खटकतात, हेही सांगितले पाहिजे.

आता खर्चाची बाजू पाहू. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा मजकूर, आणि तो सहा सहा महिने. बहुधा रविवारी थिएटरात प्रेक्षक बोलावून ध्वनिमुद्रण व्हायचे, ती वेळ टळत नसे. आम्हा कादंबरीकारांचे बरे असते. पुस्तक चार महिने लांबले तर प्रकाशकाखेरीज कुणाला पत्ता लागत नाही. रेडिओच्या लेखकाला ही सवलत नाही. १९५२ च्या अखेरीस मिलिगनचे मन कोलमडले. भ्रमाच्या भरात तो बटाटे सोलायची सुरी घेऊन सेलर्सला मारायला निघाला. त्याला इस्पितळात ठेवावे लागले आणि काही आठवडे कार्यक्रम इतरांनी चालवला. बरा झाला न झाला तोच तो पुन्हा लिहायला बसला. उन्माद आणि नैराश्य यांची ही आवर्तने जन्मभर राहिली. त्याचा पहिला संसारही याच धबडग्यात मोडला. मनाच्या आजाराबद्दल लोक दबक्या आवाजात बोलत, त्या काळातला हा माणूस पुढे उघडपणे बोलला आणि १९९३ साली अँथनी क्लेअर या मानसोपचारतज्ज्ञासोबत त्याने नैराश्यातून तगून राहण्यावर पुस्तकही लिहिले. आपण हसतो तेव्हा त्याची किंमत कुणीतरी मोजलेली असते, ती अशी.

आणि स्पर्धा? ती तेव्हाही होतीच. जून १९५३ मध्ये राणीचा राज्याभिषेक पाहायला इंग्लंडने दूरचित्रवाणी संच घेतले. सप्टेंबर १९५५ मध्ये जाहिरातींवर चालणारी दुसरी वाहिनी आली. संध्याकाळचा श्रोता रेडिओपासून उठून पडद्यासमोर बसू लागला. गून शो टिकला, कारण पडद्याला जे जमत नव्हते तेच तो करत होता. १९६०च्या दशकात याच पात्रांच्या बाहुल्या करून ते दूरचित्रवाणीवरही आणले गेले, पण डोक्यातला पियानो डोळ्यांसमोर आला की लहान होतो.

तरीही रेडिओचा एक मोठा दोष इथेच दिसतो. प्रक्षेपण म्हणजे रोख खर्च. हवेत गेले की गेले. फिती महाग, ठेवायला जागा नाही, म्हणून पहिल्या तीन मालिकांचे जवळजवळ सगळे भाग कायमचे नाहीसे झाले. ज्या वर्षी मिलिगन इस्पितळात गेला, त्या वर्षीचे बहुतेक काम आज ऐकायलाच मिळत नाही. नंतरचे भाग वाचले, तेही निराळ्याच कारणाने. परदेशच्या नभोवाणी केंद्रांना पाठवण्यासाठी बीबीसीचा एक विभाग तबकड्या काढत असे. बाहेरगावी पाठवलेला माल घरच्या कोठारापेक्षा सुरक्षित ठरला. त्या तबकड्यांवरून पुढे कॅसेट आल्या, सीडी आल्या. डिसेंबर २००२ मध्ये बीबीसीने केवळ डिजिटल असे एक नवे केंद्र काढले, तेव्हा जुने विनोदी कार्यक्रम हेच त्याचे भांडवल होते आणि गून शो त्यात अग्रभागी होता. आज तो मोबाइलवरही ऐकता येतो, हवा तेव्हा, हवा तेथून.

हीच गोष्ट आपल्या अंगणातली आहे. नेपोलियनचा पियानो समुद्रात तरंगला, त्याच १९५५ साली पुणे आकाशवाणीवर १ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, ‘गीतरामायण’ सुरू झाले. आठवड्याला एक नवे गीत, वर्षभर. अधिक मास आल्याने गीतांची संख्या ५६ झाली. सीताकांत लाड यांच्यासारखा अधिकारी पाठीशी नसता आणि पुढच्या आठवड्याची तारीख समोर नसती, तर माडगूळकरांनी आणि फडक्यांनी ते काम त्याच वेगाने तडीस नेले असते का? रेडिओला हार घालून घरे ऐकायला बसली, ती ठरलेल्या वेळीच. आज तेच गीतरामायण कुणाच्याही खिशात आहे. उद्या नात ते मोबाइलवर ऐकेल, आणि त्याचा जन्म रेडिओवर झाला हे तिला कुणीतरी सांगावे लागेल.

म्हणून या स्पर्धेचा माझा ताळेबंद असा. साठवण, निवड आणि सोय यांत नवी साधने रेडिओच्या फार पुढे गेली आहेत, त्यात वाद नको. नॉर्वेने तर २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रांचे एफएम प्रक्षेपणच बंद करून डिजिटल वाट धरली. रेडिओच्या बाजूला वेगळ्या गोष्टी आहेत. एका प्रक्षेपकाला दहा ऐकणारे असोत की दहा लाख, खर्च तेवढाच. ऐकणाऱ्याला डेटा लागत नाही. वीज गेली, मोबाइलचे टॉवर पडले, तरी दोन सेलवर तो बोलतो. पण सर्वांत मोठी गोष्ट यातली कुठलीच नव्हे. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, नवे काहीतरी सगळ्यांना एकदम ऐकवायचे, हे बंधन रेडिओने पाळले आणि त्यासाठी लेखक, गायक, वादक यांना मानधन देऊन कामाला लावले. नवी साधने आज ज्या ठेवीवर व्याज खातात, तिचा बराच भरणा त्या खिडकीवर झालेला आहे. रेडिओने नुसती जुनी गाणी वाजवायची ठरवली तर मोबाइल त्याला सहज हरवील, कारण तेच काम तो अधिक चांगले करतो. नवे घडवणे चालू ठेवले, नगरच्या केंद्राने नगरचे बोलणे, नगरचे हसणे बोलावून आणले, तर रेडिओ हरत नाही. मात्र मिलिगनचा धडा विसरू नये. भरणा करणाऱ्या माणसाला इतके पिळायचे नाही की तोच मोडून पडेल. मोबाइलवर रोज नवे टाकणाऱ्या आजच्या पोरांनाही हा धडा लागू आहे.

नगरचा जन्म मिलिगनला एकदा फार महागात पडला. नागरिकत्वाचे नियम बदलले तेव्हा हिंदुस्थानात जन्मलेल्या, आयरिश बापाच्या या मुलाला ब्रिटिश पासपोर्ट आपोआप मिळेना. ज्या देशासाठी तो लढला, त्याने निष्ठेची शपथ मागितली. त्याने ती घेतली नाही आणि १९६२ साली आयर्लंडचा पासपोर्ट घेतला. त्यामुळे २००१ मध्ये सरदारकी मिळाली तीही मानद, नावामागे ‘सर’ लावता न येणारी. २७ फेब्रुवारी २००२ रोजी तो गेला. मी आजारी आहे हे तुम्हाला सांगत होतो ना, अशा अर्थाची तक्रार आपल्या थडग्यावर कोरावी, ही त्याची इच्छा. चर्चने बरेच आढेवेढे घेतले आणि अखेर ती आयरिश भाषेत कोरू दिली.

सेकुंब त्याच्या आदल्याच वर्षी गेला होता. तो उत्तम गात असे, आणि हा आपल्याआधी जावा म्हणजे आपल्या अंत्ययात्रेत गाणार नाही, अशी थट्टा मिलिगन करत आला होता. मिलिगनच्या स्मरणसभेत सेकुंबच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण लावले गेले. थट्टा उलटली, आणि साठवलेल्या आवाजाने आपली ताकद दाखवली. पण ध्वनिमुद्रणात साठवायला तो आवाज आधी कुणीतरी काढलेला होता. आफ्रिकेतल्या त्या कड्याखाली वाचलेल्या, जिवंत गळ्याने.