डॉमिनिक डिसोझा : एका रक्तदात्याची कैद

जयपुरात हयात घालविलेल्या आम्हां मंडळींच्या मनांत गोवा म्हणजे मंगेशी, शांतादुर्गा आणि समुद्र. त्याच गोव्यातील डॉमिनिक डिसोझा हे वन्यजीव-संरक्षणाच्या एका संस्थेत नोकरीस होते. त्यांना नाटकाची आवड होती आणि ते नेमाने रक्तदान करीत. आपल्या मंडळांतून पुण्यकर्म मानले जाणारे हे दानच त्यांस भोवले.

दिलेल्या रक्तात एड्सचे विषाणू आढळले. १९८९ च्या फेब्रुवारीत म्हापशाच्या पोलीस ठाण्यावर त्यांना बोलाविण्यात आले. तेथून त्यांना नेले ते थेट वापरात नसलेल्या एका क्षयरुग्णालयात. दाराशी पोलिसांचा पहारा. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा व्यक्तीस विलग ठेवण्याची तरतूद होती. स्पर्शाने वा सहवासाने हा रोग पसरत नाही, हे त्या वेळीही वैद्यकास ठाऊक होते. तरी चौसष्ट दिवस हा तरुण तेथे एकटा राहिला.

त्यांची आई लूसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे दाद मागितली. वकील होते आनंद ग्रोव्हर. न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने मुलगा घरी आला. दरम्यान कायद्यात दुरुस्ती होऊन विलग ठेवणे सक्तीचे न राहता सरकारच्या मर्जीवर आले. आमची सारी नोकरी फायलींत गेली असल्यामुळे एका क्रियापदाच्या फरकाने माणसाचे काय होते, हे आम्ही जाणतो. पुढे ही तरतूद न्यायालयाने वैध ठरविली. म्हणजे डॉमिनिक सुटले, पण खटला हरले.

नाव जगजाहीर झालेलेच होते. ते लपवून बसण्याऐवजी डॉमिनिक उघडपणे बोलू लागले. रंगकर्मी मैत्रीण इझाबेल द सांता रिता वाझ यांच्या साथीने १९९२ साली त्यांनी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईस त्यांचे निधन झाले. संस्थेने काम पुढे चालविले.

त्यांच्या आयुष्यावरून स्फुरलेला ‘माय ब्रदर... निखिल’ हा चित्रपट २००५ साली निघाला. त्यातील नायक समलिंगी आहे. तेव्हा असे संबंध कायद्याने गुन्हा होते. २०१८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो डाग पुसला. त्याच महिन्यात एड्सविषयक केंद्रीय कायदाही अमलात आला. अशा व्यक्तीस विलग ठेवणे हा त्यात भेदभाव म्हटला असून त्यास मनाई आहे. लूसीबाईंनी न्यायालयात मागितले होते ते हेच.