राजा दीनदयाळ : इंदूरच्या कचेरीपासून हैदराबादच्या दरबारापर्यंत

हैदराबादच्या आपल्या मंडळींना चारमिनार नवा नाही आणि इंदूरकरांना राजवाडा नवा नाही. रोज ज्या वास्तूवरून जातो, ती आपण सहसा निरखून पाहत नाही. बाहेरगावचे पाहुणे आले की तेवढ्यापुरता मोबाइल बाहेर निघतो, पाहुण्यांना समोर उभे केले जाते आणि मागची वास्तू अर्धी कापली जाते. पाहुणे घरी गेल्यावर फोटो कुणाकुणाला पाठवले जातात आणि विसरले जातात.

याच दोन शहरांत सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी एक गृहस्थ कॅमेरा घेऊन उभे राहत असत. त्यांचे नाव राजा दीनदयाळ. ते मराठी नव्हते. पण त्यांची उमेदवारी होळकरांच्या इंदुरात झाली, नाव झाले ते निजामाच्या हैदराबादेत आणि अखेर मुंबईत झाली. आपल्यापैकी अनेक घराण्यांचा प्रवासही याच शहरांमधून झालेला आहे. त्यामुळे त्यांचे चरित्र वाचताना आम्हाला आपल्याच गावांचा जुना इतिहास वाचल्यासारखे वाटले, आणि ते सभासदांपुढे ठेवावेसे वाटले.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना या गावी झाला. बेगम समरूमुळे प्रसिद्ध असलेले हेच ते सरधना. घराणे जैन, व्यवसाय जडजवाहिराचा. पण मुलगा पिढीजात धंद्यात न शिरता रुडकीच्या थॉमसन कॉलेजात अभियांत्रिकी शिकायला गेला. शिक्षण संपल्यावर १८६६ च्या सुमारास त्यांना इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी मिळाली. काम होते बांधकामाचे अंदाजपत्रक तयार करण्याचे आणि नकाशे काढण्याचे.

त्या वेळी इंदूरच्या गादीवर दुसरे तुकोजीराव होळकर होते. योगायोग असा की दीनदयाळ जन्मले त्याच १८४४ साली तुकोजीराव गादीवर आले होते. इंदुरातच इंग्रजांची रेसिडेन्सी होती आणि मध्य भारतातल्या सगळ्या संस्थानांचा कारभार पाहणारा गव्हर्नर जनरलचा एजंट तिथेच राहत असे. म्हणजे एकाच गावात दोन दरबार. दीनदयाळ यांनी नोकरी सांभाळून छायाचित्रणाचा छंद लावून घेतला आणि या दोन्ही दरबारांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. तुकोजीरावांनी उत्तेजन दिले. ज्यांच्या नावाने पुढे डॅली कॉलेज ओळखले गेले, त्या एजंट सर हेन्री डॅली यांनीही आश्रय दिला. १८७०-८० च्या दशकाच्या मध्यावर दीनदयाळ यांचा इंदुरात स्टुडिओ सुरू झाला. १८७५-७६ साली प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, तेव्हा त्या दौऱ्याची छायाचित्रेही त्यांनी टिपली.

तेव्हा छायाचित्र घेणे म्हणजे काय होते, हे आजच्या मुलांना सांगायला हवे. फिल्म नव्हती, काच होती. काचेवर रसायन चढवायचे, ते ओले असतानाच ती कॅमेऱ्यात घालायची, चित्र घ्यायचे आणि वाळण्याच्या आत ती धुऊन काढायची. या सगळ्याला पाव तासाच्या आतबाहेर वेळ. म्हणून देवळाचे किंवा किल्ल्याचे चित्र घ्यायचे तर अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि काचांच्या पेट्या सोबत न्याव्या लागत. चित्र मोठे हवे तर काचही तेवढीच मोठी लागे, कारण कागदावरची प्रत काचेच्याच मापाची निघत असे. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर ती काच ठेवून उन्हात प्रत काढत. १८८० च्या आसपास तयार कोरड्या काचा बाजारात मिळू लागल्या आणि हा खटाटोप बराच कमी झाला.

याचा परिणाम चित्रातल्या माणसांवर होत असे. ओल्या काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत. इमारत हलत नाही, माणूस हलतो. त्यामुळे त्या काळच्या बाजाराच्या चित्रांत दगडी कमान लख्ख दिसते, आणि तिच्याखालून गेलेल्या माणसाच्या जागी धुरकट डाग राहतो. ज्याला चित्रात यायचे, त्याला स्तब्ध उभे राहावे लागे. कोरड्या काचा आल्यावर रस्त्यावरची गर्दी, हत्तीघोडे, मिरवणुका हे सारे स्पष्ट टिपता येऊ लागले. दीनदयाळ यांची उमेद आणि तंत्रातला हा बदल एकाच सुमारास जुळून आले.

नकाशे काढण्याचा त्यांचा सराव इथे कामी आला असे आम्हाला वाटते. उंच इमारतीसमोर कॅमेरा वर तिरका केला की भिंती एकमेकींकडे झुकल्यासारख्या दिसतात. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यात यावर उपाय होता : कॅमेरा सपाट ठेवायचा आणि पुढची भिंगाची फळी तेवढी वर सरकवायची. मग भिंती ओळंब्यात राहतात. दीनदयाळ यांच्या वास्तुचित्रांत ही शिस्त जागोजागी दिसते. शिवाय वास्तूजवळ एखादा माणूस उभा किंवा बसलेला असतो, म्हणजे तिची उंची पाहणाऱ्याच्या चटकन लक्षात येते.

या शिस्तीची कसोटी १८८० नंतर लागली. डॅली यांच्या जागी आलेले सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर दीनदयाळ बुंदेलखंडात फिरले. ग्वाल्हेर, ओरछा, दतिया, खजुराहो येथील वास्तूंची त्यांनी चित्रे घेतली. ग्वाल्हेरचा किल्ला तेव्हा इंग्रज फौजेच्या ताब्यात होता, तो शिंद्यांना १८८६ साली परत मिळाला. त्याच साली मध्य भारतातल्या प्रसिद्ध वास्तूंवरचा ग्रिफिन यांचा ग्रंथ लंडनमध्ये दीनदयाळ यांच्या चित्रांसह निघाला.

एव्हाना चाळिशी आलेली होती. पक्की सरकारी नोकरी, मागे कुटुंब. आपल्या घरांत अशा वेळी काय सल्ला मिळतो, ते सांगायला नको. दीनदयाळ यांनी आधी लांबची रजा काढली, काम पुरेसे मिळते याची खात्री करून घेतली आणि मग नोकरी सोडली. हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले. १८८६ च्या सुमारास सिकंदराबादला स्टुडिओ उघडला. पुढे निजामाने त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कामाचा गौरव झाला, १८९६ साली मुंबईत शाखा निघाली आणि १८९७ साली व्हिक्टोरिया राणीचे छायाचित्रकार म्हणून सनद मिळाली. ज्ञानचंद आणि धरमचंद हे मुलगे हाताशी होते.

त्यांच्या हैदराबादच्या कामातली एक गोष्ट आमच्या भगिनींना विशेष वाटेल. १८९२ साली त्यांनी खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला. पडद्यातल्या बायकांना परपुरुषासमोर येता येत नसे, मग फोटो कसा काढायचा? म्हणून उंच भिंतींच्या आत वेगळी जागा केली आणि मिसेस केनी-लेविक या इंग्रज बाईंकडे कारभार सोपवला. घरातल्या स्त्रीचे चित्र घरात राहू लागले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

आता थोडे अवघड. दीनदयाळ हे राज्यकर्त्यांचे छायाचित्रकार होते, हे लपवण्यात अर्थ नाही. वाघाची शिकार, मेजवानी, फौजेची कवायत, व्हाइसरॉयची भेट ही त्यांच्या कामाची मोठी बाजू. कॅमेरा कुठे उभा करायचा, ते पुष्कळदा पैसे देणारा ठरवी. शतकाच्या अखेरीस दुष्काळ पडला. माळव्यात जुनी माणसे ज्याला छप्पनिया म्हणत, तोच हा. तेव्हा निजामाच्या राज्यातल्या दुष्काळी कामांचीही चित्रे त्यांनी घेतली. सरकार किती मदत करते हे दाखवणे, हा त्यामागचा हेतू. पण काचेवर हेतू उमटत नाही, समोर असेल ते उमटते. महालाच्या चित्रांत नबाबांची नावे खाली लिहिलेली असतात. दुष्काळी कामावरच्या माणसांची आणि बाजारात थांबलेल्या भिस्त्याची नावे कुणी लिहिली नाहीत. ही माणसे त्यांच्या चित्रांत आहेत, एवढाच त्यांचा पुरावा उरला.

अखेरचा काळ सुखाचा गेला नाही. १९०४ साली धरमचंद वारले. पाठोपाठ ५ जुलै १९०५ रोजी मुंबईत दीनदयाळ यांचे निधन झाले. १९११ साली आश्रयदाते महबूब अली खानही गेले. स्टुडिओची पूर्वीची शान राहिली नाही. तरी काचा मात्र घराण्याने जपल्या. १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने २,८५७ काचा विकत घेतल्या. २००६ साली टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

या काचा जपल्या गेल्या नसत्या तर आपले काय गेले असते? मुसी नदीला १९०८ च्या सप्टेंबरात आलेल्या पुराने हैदराबादचा मोठा भाग वाहून नेला. इंदूरच्या राजवाड्याला १९८४ साली आग लागली. वास्तू पडते, पुन्हा बांधली जाते, रस्ता रुंद होतो. पूर्वी तिथे काय होते, याची साक्ष शेवटी अशी चित्रेच देतात.

आपल्या घरांतल्या ट्रंकांतही अशी साक्ष पडून आहे. पुठ्ठ्यावर चिकटवलेले पिवळे फोटो, पगडी घातलेले कुणीतरी आजोबा, नऊवारीतल्या कुणीतरी पणजी. ज्यांना नावे सांगता येतील अशी वडीलधारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून आमची एक विनंती आहे. या सुट्टीत ती ट्रंक उघडा, आजी-आजोबांना शेजारी बसवा, आणि नाव, गाव, जमेल तर साल एका कागदावर लिहून तो फोटोसोबत ठेवा. पुढच्या वेळी चारमिनारापाशी किंवा राजवाड्यापाशी पाहुण्यांचा फोटो घ्याल, तेव्हा दोन पावले मागे सरका. वास्तू पूर्ण येऊ द्या. आणि घरी आल्यावर त्याही फोटोखाली नावे लिहा.