वॉटर्लूचा विजेता वेलिंग्टन

मधला थोडा विसावा वगळतां, तेवीस वर्षें युरोपला होरपळून काढणारें युद्ध ता. १८ जून १८१५ रोजीं एका दिवसाच्या लढाईनें निकालांत निघालें. त्या लढाईचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन याचें नांव आमच्या वाचकांस इतिहासाच्या पुस्तकांतून परिचित आहेच. परंतु या सेनापतीची उमेदवारी आमच्याच दक्षिणेंत झाली, याची आठवण फारशी कोणी ठेवीत नाहीं. म्हणून त्याच्या चरित्राचा तेवढा भाग जरा विस्तारानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आर्थर वेल्स्लीचा जन्म १७६९ सालीं आयर्लंडांतील एका सरदार घराण्यांत झाला. त्याच वर्षीं कॉर्सिका बेटांत नेपोलियन जन्मला. ईटनच्या शाळेंत आर्थर कांहीं चमकला नाहीं; वडील लवकर वारले, आणि या मुलाचें पुढें कसें होणार ही आईस मोठी काळजी होती. त्यास फिडल वाजविण्याचा नाद होता. १७९३ सालीं त्यानें आपलीं वाद्यें स्वतःच्या हातानें जाळून टाकलीं व लष्करी पेशाकडे मन लाविलें. १७९७ सालीं तो पलटणीबरोबर कलकत्त्यास उतरला. पुढल्याच वर्षीं त्याचा थोरला भाऊ गव्हर्नर जनरल होऊन आला. भावाच्या वशिल्याचा त्यास उपयोग झाला नाहीं असें आम्हांस म्हणवत नाहीं. मात्र मिळालेला हुद्दा त्यानें सार्थ केला, हेंही खरें.

१७९९ सालीं श्रीरंगपट्टण पडल्यावर तेथील कारभार त्याच्याकडे आला. फौज चालते ती बैलांच्या पायांनीं, हें त्यास म्हैसूरच्या मुलखांत कळून चुकलें. तांदळाचीं पोतीं, वंजाऱ्यांचे तांडे, पावसाळ्यांत नद्या ओलांडण्याकरितां कातड्यानें मढविलेल्या गोल नावा, यांचा हिशेब तो स्वतः ठेवूं लागला.

१८०३ सालीं शिंदे व नागपूरकर भोसले यांच्याशीं युद्ध जुंपलें. ऑगस्टांत अहमदनगर घेऊन तो पुढें निघाला, आणि ता. २३ सप्टेंबर रोजीं, आजच्या जालना जिल्ह्यांतील असई गांवाजवळ, दोघांची एकत्र फौज अकस्मात् त्याच्या दृष्टीस पडली. त्याच्याजवळ कवायती शिपाई अवघे साडेचार हजारांच्या आसपास. पलीकडे कित्येक पट सैन्य आणि सुमारे शंभर तोफा. मध्यें केळणा नदी. जवळपास उतार नाहीं असें वाटाडे सांगत होते. परंतु नदीच्या दोन्ही कांठांस समोरासमोर दोन खेडीं त्यास दिसलीं. समोरासमोर वसलेल्या गांवांत जाण्यायेण्याची वाट नसेल कशी, असा तर्क करून त्यानें फौज तिकडे वळविली. उतार सांपडला.

पुढें जें झालें तें भयंकर होतें. त्याचा एक घोडा गोळी लागून पडला, दुसऱ्यास भाल्याची जखम झाली, आणि पंधराशेंहून अधिक माणसें मेलीं वा जायबंदी झालीं. ती रात्र त्यानें रणांगणावरच काढली. आम्हां महाराष्ट्रीयांस हें नांव अर्थातच सुखाचें नाहीं. शिंद्यांच्या चाकरींतले बरेच इंग्रज अंमलदार युद्धाच्या तोंडावर निघून गेले होते; पण त्यांचे गोलंदाज तोफांपाशीं मरून पडले, हटले नाहींत. वेल्स्लीच्या धैर्याइतकेंच त्यांचेंही धैर्य स्मरणीय आहे असें आम्हीं समजतों.

१८०५ सालीं तो स्वदेशीं परतला. १८०८ पासून पोर्तुगाल व स्पेन येथें त्यानें फ्रेंचांशीं सहा वर्षें झुंज दिली. तेथेंही दक्षिणेंतलाच धडा: रसद आधीं, लढाई मागून, शेतकऱ्याचें धान्य लुटावयाचें नाहीं, दाम मोजून घ्यावयाचें.

एल्बा बेटांतून निसटून नेपोलियन पुन्हां पॅरिसला आला, आणि दोघे समवयस्क प्रथमच समोरासमोर ठाकले. आदल्या रात्रीं पावसानें वॉटर्लूचीं शेतें चिखलानें भरलीं होतीं. जमीन सुकावी म्हणून नेपोलियननें दुपार होत आणली. वेलिंग्टनपाशीं सुमारें अडुसष्ट हजार लोक होते, त्यांत निम्म्याहून कमी ब्रिटिश, बाकीचे डच, बेल्जियन व जर्मन. त्यानें बहुतेकांस टेकाडाच्या मागल्या उतारावर दडवून तोफांपासून वांचविलें. फ्रेंच घोडेस्वारांच्या लाटा त्याच्या पायदळाच्या चौकोनांवर आदळून फुटल्या. तरीही संध्याकाळपर्यंत जय कोणाचा हें ठरलें नव्हतें. दोन दिवसांपूर्वींच हरलेला, घोड्याखालीं सांपडून ठेंचाळलेला बहात्तर वर्षांचा प्रशियन सेनापति ब्लूखर वचनास जागून आला नसता, तर काय झालें असतें कोण जाणे! इंग्रजी पुस्तकें या म्हाताऱ्यास फार थोडी जागा देतात.

दुसऱ्या दिवशीं पहांटे डॉक्टरानें मृतांची यादी वाचून दाखविली, तेव्हां त्या कठोर म्हणून गाजलेल्या पुरुषाच्या डोळ्यांतून अश्रु वाहूं लागले. नेपोलियनची रवानगी सेंट हेलिना बेटावर झाली. तेथें प्रथम त्यास ब्रायर्स नांवाच्या बंगल्याच्या आवारांत उतरविलें. दहा वर्षांपूर्वीं हिंदुस्थानांतून परततांना वेल्स्ली त्याच ठिकाणीं राहिला होता.

वेलिंग्टन १८२८ सालीं मुख्य प्रधान झाला. १८२९ सालीं कॅथलिकांस पार्लमेंटचीं दारें त्यानेंच उघडलीं. पण मताधिकार वाढविण्यास विरोध केल्यामुळें पुढें लोकांनीं त्याच्या घराच्या खिडक्याही फोडल्या. ता. १४ सप्टेंबर १८५२ रोजीं तो वारला. उत्तर आयुष्यांत त्यास कोणीसें विचारलें होतें, आपल्या हातून रणांगणावर सर्वांत उत्तम कामगिरी कोणती झाली? त्यानें असईचें नांव घेतलें, आणि अधिक कांहीं न बोलतां तो गप्प बसला.