नांदूरमध्यमेश्वरला भरतपूरच्या पंगतीत बसवणारे सलीम अली

निफाड : दिवाळी सरली की नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याकडे दुर्बिणी घेतलेली माणसं वळू लागतात. गोदावरी-कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बांधलेला हा बंधारा वर्षानुवर्षे गाळानं भरत आला. शेतकऱ्याला गाळ म्हणजे तोटाच. पण चक्रवाक, थापट्या, तलवार बदक यांना असंच उथळ पाणी लागतं. म्हणूनच हिमालयापलीकडून येऊन ती इथं उतरतात. ही जागा पाहून तिची तुलना थेट राजस्थानच्या भरतपूरशी केली ती डॉ. सलीम अली यांनी. १९८६ मध्ये इथं अभयारण्य झालं.

१२ नोव्हेंबर १८९६ ला मुंबईत जन्मलेलं हे पोर लहानपणीच आई-वडिलांना मुकलं. मामानं सांभाळलं. हातात छऱ्याची बंदूक आली आणि एक चिमणी मारली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग! ही कुठली चिमणी हे विचारायला मामानं त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत धाडलं. तिथं पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी पाहिले आणि पोरगा त्यातच अडकला.

पुढं ब्रह्मदेशात धंदा केला, तो चालला नाही. मुंबईच्या संग्रहालयात नोकरी मिळाली. रजा घेऊन जर्मनीत शिकून आले, तर इकडं पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. मग पत्नी तेहमिनासह अलिबागजवळच्या किहीमला बिऱ्हाड केलं आणि तासन् तास सुगरणीची घरटी बघत बसले. घरटं विणतो तो नर. अर्धवट झालं की मादी येऊन पारखते, पसंत पडलं तरच राहते. ती बसली की नर दुसरं घरटं, दुसरी मादी बघतो. आपण मात्र नाव ठेवलं सुगरण! बेकारीत केलेलं हे काम त्यांच्या सर्वांत मोलाच्या कामांत गणलं जातं. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. दोन वर्षांनी त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं आणि सामान्य माणसाला पाखरं ओळखता येऊ लागली.

भरतपूरचं तळंही माणसानंच घडवलेलं, संस्थानिकांच्या शिकारीसाठी. १२ नोव्हेंबर १९३८ ला, म्हणजे सलीम अलींच्या वाढदिवशीच, तिथं एका दिवसात ४२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा तिथं दगडावर कोरलेला आहे. स्वातंत्र्यानंतर ते पाणी शेतीला द्या अशी मागणी झाली, तेव्हा सलीम अलींनी नेहरूंपर्यंत धाव घेऊन तळं वाचवलं. तिथंच हजारो पाखरांच्या पायात त्यांनी कडी घातली. परदेशात एखादं पाखरू सापडलं की मुंबईला कळवा, असं त्या कडीवर लिहिलेलं असे.

पण एका बाबतीत त्यांचा अंदाज चुकला. म्हशींच्या चराईनं पाखरांचं नुकसान होतं असं त्यांचं मत होतं. १९८२ मध्ये भरतपूरला चराई बंद झाली, गावकरी भडकले, पोलिसांनी गोळीबार केला, काहींचा जीव गेला. २० जून १९८७ ला सलीम अली गेले. त्यानंतर त्यांच्याच संस्थेच्या अनेक वर्षांच्या अभ्यासातून उलटंच निघालं. म्हशी हटल्या आणि गवत माजून पाणी झाकलं गेलं, बदकांना उतरायला जागा उरली नाही.