गवताचे अभ्यासक फादर ब्लॅटर

एथेलबर्ट ब्लॅटर यांचा जन्म १८७७ साली स्वित्झर्लंडमध्ये झाला. बर्फाच्या त्या देशातील माणसाने थरच्या वाळवंटातील गवताची नोंद करावी, हा योग विलक्षणच! १९०३ साली ते मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे अध्यापक म्हणून आले.

१९१७ साली प्राध्यापक हॉलबर्ग यांच्यासह त्यांनी जोधपूर व जैसलमेर या संस्थानांत प्रवास केला. तेथे सेवण नावाचे गवत उगवते. पाऊस नसला की ते वरून वाळते. परंतु मुळांत जीव धरून राहते, वाळू धरून ठेवते आणि गाईगुरांस चारा पुरविते. ब्लॅटर वनस्पती मुळासकट उपटीत, कागदांत दाबून वाळवीत आणि तिच्यासोबत चिठ्ठी ठेवीत. कोणती वनस्पती, कोठे, केव्हा व कोणास सापडली, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले असे. चिठ्ठी हरवली, तर उरते ती नुसती वाळलेली काडी! या प्रवासाचा वृत्तांत १९१८ पासून मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाला.

पुढे त्यांची प्रकृती ढासळली. हवापालटासाठी ते पाचगणीस राहू लागले. पण काम सुटले नाही. चार्ल्स मॅकॅन यांच्या साहाय्याने त्यांनी मुंबई इलाख्यातील गवतांवर मोठा ग्रंथ सिद्ध केला. १९३४ साली पुण्यास त्यांचे निधन झाले. ग्रंथ छापून निघाला १९३५ साली. तो त्यांच्या दृष्टीस पडला नाही. महाविद्यालयातील वनस्पतिसंग्रहास मात्र पुढे त्यांचेच नाव देण्यात आले.