एक्सप्लेनर : शिवरायांच्या साध्या सैनिकाचा पगार व्हायचा कसा?

मुरूडच्या किनाऱ्यावरून समुद्रात पद्मदुर्ग दिसतो. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी छत्रपती शिवाजी महाराजांनी तो बांधायला घेतला होता. जानेवारी १६७५ मध्ये, म्हणजे राज्याभिषेकाला आठ महिनेही झाले नव्हते तेव्हा, इथल्या आरमारी लोकांसाठी ठरलेलं धान्य आणि पैसा पोहोचलाच नाही. जबाबदारी होती प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांची.

महाराजांनी त्यांना पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. सिद्दीने काही देऊन फितवलं की काय, असा थेट संशय त्यात आहे. ब्राह्मण म्हणून गय होणार नाही, असंही बजावलं आहे.

रसदीवरून एवढा संताप का? बेटावरच्या माणसाला उधार देणारा वाणी नसतो. आणि ही पद्धत महाराजांनीच घडवली होती. १६३० मध्ये शिवनेरीवर त्यांचा जन्म झाला, तेव्हा दख्खनमधला शिपाई सरदाराचा असायचा. सरदाराला जहागीर, शिपायाला सरदार देईल ते. महाराजांनी जहागिरी देणं टाळलं आणि पगार सरकारी खजिन्यातून किंवा वसुलावरच्या वरातीने द्यायला सुरुवात केली. बारगिराला घोडा सरकारचा. शिलेदार स्वतःचा घोडा आणायचा, त्यामुळे खर्चही त्याचाच.

आकडे सभासद बखरीत सापडतात. पायदळात दहा जणांवर नाईक. वर गेल्यावर जुमलेदाराला वर्षाला १०० होन, हजारीला ५००. घोडदळातल्या जुमलेदाराला मात्र थेट ५०० होन! साहजिकच शिपायाच्या वाट्याला यापेक्षा खूपच कमी यायचं.

लुटीतून वरकमाई? तीही नाही. दसऱ्याला मोहिमेवर निघताना प्रत्येकाच्या सामानाची यादी व्हायची, परतताना झडती. जास्तीचं निघालं तर सरकारजमा, नाहीतर पगारातून वजा. रोमन सैनिकाच्या पगारालाही अशीच कात्री लागायची. सम्राट ऑगस्टसच्या काळात त्याला वर्षाला २२५ दिनारी मिळायचे, पण जेवण आणि कपड्यांचे पैसे त्यातूनच कापले जात.

मग शिपाई टिकायचा कशावर? १६५९ मध्ये अफझलखानाच्या लढाईनंतर जखमींना जखम पाहून २५ ते २०० होन दिल्याचं बखर सांगते. मेलेल्यांच्या मुलांना सांभाळलं गेलं, मुलगा नसेल तर विधवेला निम्मं वेतन. घरच्यांची सोय लागणार हा भरवसा त्या काळात पगाराहून मोठा होता.

३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांचं निधन झालं. पुढे राजाराम महाराजांच्या काळात मोगलांशी लढताना रोख पैसा उरला नाही. सरदारांना पुन्हा मुलूख तोडून दिले गेले आणि शिपायाचा पगार परत सरदाराच्या हातात गेला.